जुने गेम, नवे कन्सोल : वेग नेमका अडतो कुठे?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेमिंग कन्सोलच्या परीक्षणांत एक वाक्य आता हमखास येते : ‘जुने गेमही यावर चालतात आणि पूर्वीपेक्षा वेगाने चालतात.’ त्यातला पहिला अर्धा भाग बहुतेक वेळा खरा असतो. दुसरा काही गेमना पूर्ण लागू पडतो, काहींना अर्धवट आणि काहींना मुळीच नाही. घरात जुन्या डिस्कचा ढीग असलेला वाचक मात्र नवे यंत्र घ्यायचे की नाही, हे त्या दुसऱ्या अर्ध्यावरूनच ठरवतो. आपल्या तंत्रज्ञानाच्या पानावर तरी हा फरक नीट मांडला जावा, यासाठी हा पत्रप्रपंच.

जुना गेम नव्या यंत्रावर किती वेगाने चालेल, हे यंत्राच्या ताकदीपेक्षा त्या गेमने स्वतःला घालून घेतलेल्या मर्यादेवर जास्त ठरते. सेकंदाला ६० फ्रेम (पडद्यावर एकामागून एक येणारी स्थिर चित्रे) दाखवायच्या तर एक फ्रेम तयार करायला १६.७ मिलिसेकंद मिळतात. ३० दाखवायच्या तर ३३.३. प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन या मागच्या पिढीतल्या कन्सोलचे प्रोसेसर त्यांच्या काळातही दुबळेच होते. त्यामुळे त्या पिढीतल्या बऱ्याच मोठ्या गेमनी ३० वर समाधान मानले आणि ती मर्यादा कोडमध्येच लिहून टाकली. पॅसेंजर गाडीला कितीही दमदार इंजिन जोडले, तरी वेळापत्रक तेच असेल तर ती स्टेशनातून सुटायची तेव्हाच सुटते. प्लेस्टेशन ५ तीच फ्रेम कितीतरी आधी तयार करील आणि उरलेला वेळ नुसता थांबून राहील.

२०१५ चा ‘ब्लडबॉर्न’ हे याचे ठळक उदाहरण. प्लेस्टेशन ४ वर तो १०८०पी रिझोल्यूशनला (चित्रात ठिपक्यांच्या १०८० आडव्या ओळी), सेकंदाला ३० फ्रेमने चालतो. त्याला प्लेस्टेशन ४ प्रो या वाढीव ताकदीच्या मॉडेलसाठी पॅच (गेम सुधारणारा अपडेट) मिळाला नाही, प्लेस्टेशन ५ साठीही नाही. म्हणून नव्या यंत्रावरही १०८०पी आणि ३० हेच आकडे कायम राहतात. लोडिंग लवकर होते, एवढाच काय तो लाभ. त्या गेमची जुनी खोडही तशीच राहते : सरासरी ३० भरते, पण एखादी फ्रेम १६ मिलिसेकंदच टिकते आणि पुढची ५० मिलिसेकंद अडून बसते. आकडा बरोबर आणि डोळ्याला मात्र हिसके, असा हा प्रकार. फ्रेम वाटण्याचे काम गेमचाच कोड करतो, त्यामुळे प्रोसेसरच्या वेगाने हे दुखणे बरे होत नाही. परीक्षक फक्त सरासरी फ्रेम रेट छापतात तेव्हा नेमकी हीच गोष्ट लपते.

मग फायदा कोणाला होतो? जे गेम स्वतःच ठरवलेला वेग जुन्या यंत्रावर गाठू शकत नव्हते, त्यांना सर्वात जास्त. ३० ची मर्यादा असून गर्दीच्या लढाईत २२-२४ वर घसरणारा गेम नव्या यंत्रावर ३० धरून राहतो. ताण वाढला की रिझोल्यूशन आपोआप कमी करणारे गेम आता सतत वरच्या पायरीवर टिकतात. आणि ज्या गेमना मर्यादाच नव्हती, किंवा ती काढण्याची सोय मेनूतच होती, त्यांची चैन आहे. ‘इन्फेमस सेकंड सन’मध्ये ही सोय आहे, प्लेस्टेशन ५ वर तो ६० पर्यंत जातो. २०१८ च्या ‘गॉड ऑफ वॉर’मध्ये प्रोसाठी वेगाला प्राधान्य देणारा वेगळा मोड होता, तो प्लेस्टेशन ५ वर पॅच येण्याआधीच ६० ला पोहोचत असे. पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये आलेल्या पॅचने वरच्या रिझोल्यूशनलाही ६० फ्रेम दिल्या. म्हणून जुना गेम नव्या यंत्रावर टाकल्यावर पहिले काम म्हणजे त्याचा ग्राफिक्सचा मेनू उघडणे. ‘परफॉर्मन्स’, ‘अनलॉक फ्रेम रेट’ असे काही दिसले तर ते चालू करून पाहावे. प्रोच्या काळात हे पर्याय चंचल वेगामुळे बदनाम होते. आता बहुधा तेच सर्वोत्तम ठरतात.

‘द लास्ट गार्डियन’ची गंमत वेगळीच. २०१६ च्या डिस्कवरच्या १.०० आवृत्तीत फ्रेमला मर्यादा नव्हती. ती नंतरच्या अपडेटने आली. त्यामुळे डिस्कवरची मूळ आवृत्ती प्लेस्टेशन ५ वर ६० ने चालते आणि अद्ययावत आवृत्ती ३० ने. हे करायचे तर आधी कन्सोलचे इंटरनेट बंद करावे, गेम आधी टाकलेला असल्यास काढून टाकावा, डिस्क घालून कॉपी पूर्ण होऊ द्यावी आणि अपडेट न घेताच सुरू करावा. गेमच्या माहितीत आवृत्ती १.०० दिसते का, ते तपासावे. पुढे कधी इंटरनेट जोडले तर आपोआप अपडेट होण्याची सेटिंग बंद असली पाहिजे, नाहीतर एका रात्रीत सगळे मुसळ केरात. अपडेट झालेल्या आवृत्तीत केलेले सेव्ह (खेळाची साठवलेली प्रगती) मूळ आवृत्तीत उघडेलच असे नाही, तेव्हा खेळ पहिल्यापासून सुरू करायची तयारी ठेवावी. डाउनलोड करून घेतलेल्यांना हा मार्ग नाही, कारण त्यांना नेहमी शेवटची आवृत्तीच मिळते. जुन्या डिस्क रद्दीत काढू नयेत, त्याचे हे एक रोकडे कारण.

ही मर्यादा कन्सोलची कंपनी बाहेरूनच का काढून टाकत नाही, असा प्रश्न नेहमी येतो. कारण अनेक गेममध्ये हालचाल, भौतिकी, घड्याळे, सगळे काही फ्रेमच्या मोजणीवर बांधलेले असते. ‘डार्क सोल्स २’मध्ये शस्त्राची झीज फ्रेमच्या हिशेबाने मोजली जात होती. ३० ऐवजी ६० फ्रेमला तो चालवला तेव्हा तलवारी दुप्पट वेगाने झिजू लागल्या, आणि ते दुरुस्त करायला २०१५ मध्ये पॅच काढावा लागला. कुठे उडी कमी-जास्त पडते, कुठे संवाद आणि ओठ जुळत नाहीत, कुठे दरवाजाचे दृश्य संपण्याआधीच पुढचा प्रसंग सुरू होतो. केवळ प्रोसेसर वेगवान झाल्यानेही काही कोड कोलमडतो, कारण दोन कामांचा क्रम जुन्या वेगाच्या भरवशावर लिहिलेला असतो. प्लेस्टेशन ५ चे मुख्य रचनाकार मार्क सर्नी यांनी मार्च २०२० च्या सादरीकरणात, वाढीव वेग काही गेमना झेपत नाही आणि एकेक गेम तपासावा लागतो, हे उघडच सांगितले होते.

मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २०२१ मध्ये आपल्या नव्या एक्सबॉक्स सिरीज एक्स आणि सिरीज एस या कन्सोलवर ‘एफपीएस बूस्ट’ आणले, ते बाहेरून मर्यादा काढण्याचाच प्रकार आहे. पण निवडक गेमपुरता आणि प्रत्येकाची चाचणी घेऊन. गेमच्या कोडला हात न लावता, फ्रेम पडद्याकडे पाठवण्याच्या टप्प्यावर वेग वाढवला जातो : ३० चे ६०, काही ठिकाणी ६० चे १२०. गोम अशी की, सिरीज एक्सवर काही गेमचे रिझोल्यूशन त्यासाठी कमी होते, म्हणून तिथे ही सोय मुळात बंद ठेवलेली असते. गेमच्या चौकटीवर जाऊन कंट्रोलरचे मेनू बटण दाबावे, ‘मॅनेज गेम अँड अ‍ॅड-ऑन्स’मध्ये ‘कम्पॅटिबिलिटी ऑप्शन्स’ उघडावे आणि तिथे ती चालू-बंद करावी. त्यानंतर गेम पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो; गेम सोडला तिथूनच उघडणाऱ्या ‘क्विक रिझ्यूम’ने परत आलात तर जुनेच सेटिंग चालू दिसते आणि ‘काही फरक नाही’ असा गैरसमज होतो. त्याच पानावर, जुन्या गेमचे रंग आणि उजेड आपोआप उठावदार करणारे ‘ऑटो एचडीआर’ही असते. एखाद्या गेममध्ये पांढरी अक्षरे किंवा नकाशाच्या खुणा डोळ्यांत खुपत असतील, तर तेवढ्या गेमपुरते ते बंद करावे.

इथवरची चर्चा एकाच घराण्यातल्या यंत्रांची झाली. प्लेस्टेशन ४ आणि ५, एक्सबॉक्स वन आणि सिरीज एक्स, सगळ्यांचे प्रोसेसर एक्स८६ जातीचे, सूचनांची एकच भाषा समजणारे. जुना कोड जवळजवळ जसाच्या तसा चालतो. त्याच्या मागे गेले की चित्र बदलते. २००६ च्या पहिल्या प्लेस्टेशन ३ मध्ये प्लेस्टेशन २ च्या मुख्य चिप प्रत्यक्ष बसवलेल्या होत्या. २००७ मध्ये युरोपात आलेल्या मॉडेलात त्यांपैकी फक्त ग्राफिक्स चिप उरली आणि प्रोसेसरचे काम सॉफ्टवेअरवर सोपवले गेले. त्याच वर्षी आलेल्या ४० जीबी मॉडेलात दोन्ही गेल्या आणि प्लेस्टेशन २ च्या डिस्क बंद झाल्या. तेव्हा ‘प्लेस्टेशन ३ वर प्लेस्टेशन २ चे गेम चालतात का’ या प्रश्नाला मॉडेल सांगितल्याशिवाय उत्तरच नाही. प्लेस्टेशन १ च्या डिस्क मात्र सर्व प्लेस्टेशन ३ वर चालतात. प्लेस्टेशन ४ आणि ५ चे ड्राइव्ह सीडीच वाचत नाहीत, त्यामुळे तिथे त्या चालण्याचा प्रश्नच येत नाही. प्लेस्टेशन ३ चा सेल प्रोसेसर इतका वेगळ्या रचनेचा आहे की त्याचे गेम प्लेस्टेशन ५ वर स्ट्रीमिंगनेच खेळावे लागतात. तिथे वेग ठरतो तो तुमच्या इंटरनेट जोडणीवर.

एक्सबॉक्स ३६० चा प्रोसेसर पॉवरपीसी जातीचा, तीन कोरचा, ३.२ गिगाहर्ट्झचा. संख्येतले बाइट तो ज्या क्रमाने ठेवतो, त्याच्या उलट क्रमाने एक्स८६ ठेवतो. म्हणजे केवळ सूचनांचे भाषांतर पुरत नाही, मेमरीत जाता-येता आकडेही उलटावे लागतात. ग्राफिक्स चिपला जोडलेली १० मेगाबाइटची अतिवेगवान मेमरी हे आणखी एक प्रकरण. त्यामुळे डिस्कवरचा कोड थेट चालत नाही. डिस्क आत घातली की कन्सोल मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरून त्या गेमची तयार केलेली प्रत उतरवतो. डिस्क उरते ती केवळ मालकीचा पुरावा म्हणून, आणि तो पुरावा दर वेळी आत ठेवावाच लागतो. साहजिकच पहिल्या वेळी इंटरनेट हवेच, आणि गेम मान्य यादीत असला पाहिजे. या यादीत नोव्हेंबर २०२१ मध्ये शेवटची भर पडली. परवाने आणि तांत्रिक अडचणी पाहता पुढे वाढ नाही, असे कंपनीने तेव्हाच जाहीर केले. यादीत नसलेल्या डिस्कसाठी जुने यंत्र सांभाळणे हाच उपाय. किनेक्ट हा हालचाल ओळखणारा कॅमेरा लागणारे गेमही सिरीज एक्स-एसवर चालत नाहीत.

यादीतल्या गेमचे रूप मात्र खरोखर पालटते, हे कबूल केले पाहिजे. एक्सबॉक्स ३६० चे निवडक गेम एक्सबॉक्स वन एक्स (वनचे जास्त ताकदीचे मॉडेल) आणि सिरीज एक्सवर लांबी-रुंदीला तिप्पट, म्हणजे नऊपट पिक्सेलने रंगवले जातात : ७२०पी चे थेट फोर-के. मूळ एक्सबॉक्सचे गेम चौपट-चौपट, म्हणजे ६४० बाय ४८० चे २५६० बाय १९२०. मूळ कन्सोलवर चित्र मधोमध फाटल्यासारखे दिसणारे काही गेम इथे सलग दिसतात, कारण फ्रेम आणि पडदा यांचा मेळ यंत्रणाच घालते. पण आधीच चित्रित करून ठेवलेले व्हिडिओ जुन्याच रिझोल्यूशनचे असतात. खेळताना लख्ख दिसणारा गेम मधल्या दृश्यात अचानक धूसर झाला तर टीव्ही बिघडला असे समजू नये. सपाट चित्रांवर बेतलेल्या गेमना आणि पडद्यावरच्या अक्षरांना या वाढीचा फायदा फारसा मिळत नाही.

यात खरेदी करणाऱ्याला हमखास चकवणारी एक गोष्ट आहे. सिरीज एस हे नवे यंत्र असले तरी एक्सबॉक्स वनचे गेम ते वन एक्सच्या नव्हे, कमी ताकदीच्या वन एसच्या आवृत्तीने चालवते. त्यामुळे जुन्या वन एक्सवरून सिरीज एसवर आलेल्या माणसाला, स्वतंत्र नवी आवृत्ती न आलेल्या गेममध्ये, रिझोल्यूशन पूर्वीपेक्षा कमी दिसू शकते. लोडिंग चटकन, वेग स्थिर, पण चित्र मऊ. ‘नवे म्हणजे वरचढ’ हे गणित इथे सरळ सरळ चुकते आणि तरी परीक्षणांत त्याचा उल्लेख क्वचितच सापडतो.

५ जून २०२५ ला आलेल्या निन्टेन्डो स्विच २ चे गणित आणखी वेगळे. मूळ स्विचच्या गेमचे शेडर (रंग-प्रकाश ठरवणारे छोटे प्रोग्राम) जुन्या ग्राफिक्स चिपसाठी आधीच कंपाइल करून कार्डात भरलेले असतात. नवी चिप वेगळ्या पिढीची. म्हणून गेम चालू असतानाच काही भागाचे रूपांतर करावे लागते. मर्यादेचा नियम इथेही तोच. ‘झेल्डा : ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ची मूळ आवृत्ती ३० वरच राहते. फरक एवढाच की, जुन्या स्विचवर एखादी फ्रेम ३३.३ मिलिसेकंदांत पूर्ण झाली नाही तर ती थेट ५० वर जाऊन वेग २० पर्यंत कोसळत असे, ते आता होत नाही. ६० हवे तर पैसे मोजून स्विच २ आवृत्ती घ्यावी लागते. उलट ‘पोकेमॉन स्कार्लेट’ आणि ‘व्हायोलेट’ला फुकट अपडेट मिळाला आणि जुन्या स्विचवर रडतखडत चालणारे हे गेम ६० ला पोहोचले. अपडेट उतरवला नाही, तर हा लाभ नाही.

हातात धरून खेळताना मूळ स्विचचे गेम सहसा जास्तीत जास्त ७२०पी देतात आणि स्विच २ चा पडदा १०८०पी चा आहे. दीडपट हे पूर्णांक प्रमाण नाही, त्यामुळे एका पिक्सेलच्या जागी दीड पिक्सेल भरताना कडा पुसट होतात. डॉकला लावून टीव्हीवर तोच गेम जास्त नीट दिसतो. निन्टेन्डोला हा प्रश्न नवा नाही : थ्रीडीएसवर डीएसचे २५६ बाय १९२ चे चित्र सव्वापट ताणले जायचे आणि असेच पुसट व्हायचे. तिथे गेम सुरू करताना स्टार्ट किंवा सिलेक्ट दाबून धरले की चित्र मूळ आकारात, लहान पण रेखीव येते. स्विच २ घेणाऱ्याने आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. जुने मायक्रोएसडी कार्ड गेम साठवायला चालत नाही, मायक्रोएसडी एक्सप्रेसच लागते. आणि नव्या जॉय-कॉनमध्ये (स्विचच्या सुट्या होणाऱ्या कंट्रोलरमध्ये) इन्फ्रारेड कॅमेरा नाही, तेव्हा तो वापरणाऱ्या खेळांसाठी जुने जॉय-कॉन जवळ ठेवावेत.

प्लेस्टेशन ५ वर सर्वात जास्त फसगत होते ती आवृत्तीच्या घोळात. एकाच गेमच्या प्लेस्टेशन ४ आणि ५ अशा दोन्ही आवृत्त्या मालकीच्या असतील तर दोन्ही टाकता येतात, आणि ‘नव्या यंत्रावरही तसाच चालतो’ अशी तक्रार करणारा बरेचदा चार क्रमांकाचीच आवृत्ती खेळत असतो. गेमच्या पानावर तीन ठिपक्यांच्या मेनूत कोणती आवृत्ती निवडली आहे ते दिसते, तिथे बदलावी. डिस्कवरून मोफत वरची आवृत्ती मिळाली असेल तरी खेळताना डिस्क आत हवीच, म्हणून ड्राइव्ह नसलेल्या मॉडेलवर हा मार्ग बंद. प्लेस्टेशन ५ प्रोही मुळात ड्राइव्हशिवायच येतो. तो वेगळा घ्यावा लागतो. प्रोमध्ये प्लेस्टेशन ४ च्या गेमची चित्रगुणवत्ता वाढवण्याची सेटिंग आहे. तिने कडा जरा रेखीव दिसतात, ३० ची मर्यादा मात्र ३० च राहते.

साठवणुकीचे थोडक्यात. प्लेस्टेशन ४ चे गेम बाहेरच्या यूएसबी ड्राइव्हवरून थेट चालतात, प्लेस्टेशन ५ चे नाही. त्यामुळे आतली जागा नव्या गेमसाठी मोकळी ठेवावी. ड्राइव्ह २५० जीबी ते ८ टीबीमधला आणि यूएसबी ३ वेगाचा हवा. तो कन्सोलच्या मागच्या पोर्टमध्ये थेट लावावा, हब मध्ये घालू नये. पहिल्या मॉडेलच्या पुढच्या बाजूचे चौकोनी पोर्ट ४८० मेगाबिटचेच आहे, तिथे हे काम होत नाही. बाहेरच्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी घेतल्यास लोडिंगमध्ये मोठा फरक पडतो. पण बाहेरची एसएसडी आणि आतली अतिवेगवान एसएसडी यांत जुन्या गेमपुरते अंतर थोडेच, कारण जुना गेम फाइली उलगडण्याचे काम प्रोसेसरवर टाकतो आणि नव्या यंत्रातल्या त्यासाठीच्या खास सर्किटचा त्याला पत्ताच नसतो. महागडी एसएसडी केवळ प्लेस्टेशन ४ च्या गेमसाठी घेणे म्हणजे पैसे वाया.

टीव्हीकडेही पाहावे. एचडीआर ‘नेहमी चालू’ ठेवले की साध्या रंगांचे जुने गेम जबरदस्तीने एचडीआरमध्ये ढकलले जातात आणि रंग फिके किंवा भडक दिसतात; ‘सपोर्ट असेल तेव्हा’ हा पर्याय ठेवावा. पडद्याचा रिफ्रेश गेमच्या वेगाशी जुळवणारे व्हीआरआर एक्सबॉक्सवर सर्व गेमना लागू होते. प्लेस्टेशन ५ वर, एप्रिल २०२२ च्या अपडेटपासून, ते प्लेस्टेशन ५ च्याच गेमना मिळते. सोय नसलेल्या गेमनाही लावण्याचा पर्याय आहे, पण प्लेस्टेशन ४ चे गेम त्यातही येत नाहीत. आणि प्लेस्टेशन १ च्या काळातल्या पाल (जुन्या युरोपीय टीव्हीच्या) पद्धतीच्या प्रती ५० हर्ट्झच्या असतात. त्यांतल्या अनेक ६० हर्ट्झच्या मूळ प्रतींपेक्षा सुमारे १७ टक्के संथ चालतात, आणि नवे यंत्र त्यांना तशाच संथ चालवते. तिथे दोष यंत्राचा नसून प्रतीचा असतो.

म्हणून विनंती अशी की, आपल्या परीक्षणांत जुन्या गेमविषयी लिहिताना निदान गेमचा आवृत्ती क्रमांक, तो डिस्कवरचा की डाउनलोड केलेला, कोणत्या मोडमध्ये आणि कोणत्या मॉडेलवर तपासला, एवढे नमूद करावे. एक ओळ जास्त लागेल, पण वाचकाला तोच निकाल आपल्या घरी पडताळून पाहता येईल.

जुने यंत्र विकायला काढणाऱ्यांसाठी जाता जाता : आधी सेव्ह हलवून घ्यावेत. प्लेस्टेशन ४ चे सेव्ह यूएसबीवर, नेटवर्कने किंवा सशुल्क क्लाउडवरून नेता येतात. एक्सबॉक्स ३६० चे त्याच प्रोफाइलने क्लाउडवर चढवावे लागतात. प्लेस्टेशन ४ आवृत्तीतले सेव्ह त्याच गेमच्या प्लेस्टेशन ५ आवृत्तीत आपोआप येत नाही. ते पाठवण्याचा पर्याय बऱ्याच गेममध्ये जुन्या आवृत्तीच्या मेनूत असतो, तेव्हा ती आवृत्ती हे काम होईपर्यंत काढून टाकू नये.

आपला,
एक नियमित वाचक